खाली येण्याचं कारण

त्या दिवशी सकाळी माझा भाऊ हेलिकॉप्टरमध्ये बसला. ते जोयड्याहून उडालं आणि दिग्गीकडच्या जंगलात पडलं. भाऊ गेला, पायलट गेला. सोबतचा सर्वेअर वाचला. मी तेव्हा रामनगरला शाळेत होतो.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी शिकलो, गावाबाहेर पडलो, कन्नड मुलखातल्या रामनगरला मराठी शाळेत मास्तर झालो आणि भाड्याच्या दोन खोल्यांत पुस्तकांबरोबर राहिलो. लग्न केलं नाही. तो गावीच राहिला. दिग्गीच्या अलीकडे डोंगराच्या पोटात आमचं गाव आहे, बारा-तेरा घरांचं. तिथं तो भात करायचा आणि सुगी संपली की जंगलात मजुरीला जायचा. आमच्या डोंगरांवरून विजेची मोठी लाईन जाते. पावसाळ्याआधी तारांखाली वाढलेली झाडं तोडावी लागतात, नाहीतर वादळात फांद्या तारांवर येतात. ते काम त्यानं मिसरूड फुटल्यापासून केलं.

टॉवरांवर नंबर लिहिलेले आहेत. भावाला वाचता येत होतं, पण त्या नंबरांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या लेखी एक अस्वलाचा टॉवर होता, एक मधाचा, आणि एक डब्याचा, म्हणजे जिथं माकडांनी त्याचा भाकरीचा डबा पळवला होता तो. यांतल्या कुठल्याही टॉवरची वाट विचारली की तो गावाच्या सीमेवरच्या धोंड्यापासून सांगायला सुरुवात करायचा.

हा धोंडा आमचा सीमेचा देव. त्याला देऊळ नाही, शेंदूर नाही. जंगलात शिरायची वाट तिथून सुटते. जाणारा माणूस एक हिरवी डहाळी मोडतो, धोंड्यावर ठेवतो आणि पुढं जातो. परत येताना काही ठेवायचं नसतं. आमच्याकडे वाट सांगतात तीही तिथूनच: धोंड्यापासून दुसरा ओढा, तो ओलांडला की वर, मग कातळ. मधूनच कुठली वाट विचारली तर गावातला माणूस क्षणभर गप्प होतो. तो मनातल्या मनात धोंड्यापर्यंत मागं गेलेला असतो. तिथून पुन्हा चालत आल्याशिवाय त्याला सांगता येत नाही. मी एवढी पुस्तकं वाचली, पण घरच्या जंगलाबद्दल कुणी विचारलं तर माझंही तसंच होतं.

त्या वर्षी लाईनचं काम पाहणाऱ्या एका खाजगी कंपनीनं ठरवलं की सगळे टॉवर वरून पाहायचे, आणि कुठल्या टॉवरला कुठली पायवाट जाते ते नकाशावर घ्यायचं. वाट दाखवायला माणूस हवा होता. त्यांचा सुपरवायझर शाळेत येऊन मला भेटला, कारण मला हिंदी आणि कन्नड दोन्ही येतात आणि माझं गाव त्या बाजूचं. मी भावाचं नाव दिलं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

आदल्या रविवारी मी नेहमीसारखा गावी गेलो होतो. जेवताना भावजय त्याची चेष्टा करत होती.

"बशीत बसलं की लिंबू हुंगतोय ह्यो, आणि आता इमानातनं वाट दावणार."

"इमान न्हवं ते. हेलिकापटर."

"मग दोन लिंबं घेऊन जा."

तो हसला. मला म्हणाला, त्यात मोठा पंखा असतो म्हणे, वारं लागंल, मळमळायचं न्हाई. जेवण झाल्यावर मी सुपरवायझरनं दिलेला नकाशा पाटावर पसरला. जमीन वरून कशी दिसते ते त्याला समजावं म्हणून मी खूप बोललो. काळी नदी दाखवली, सुप्याच्या धरणाचं पाणी दाखवलं, उळवीचा रस्ता दाखवला. तो कागद या बाजूनं त्या बाजूनं फिरवून पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "अण्णा, ह्यात धोंडा कुठं हाय?"

धोंडा नकाशात नव्हता. मी अंदाजानं पेनाचा एक ठिपका दिला. त्यानं त्यावर बोट ठेवलं, तिथून बोट सरकवत पहिला ओढा, दुसरा ओढा असं तोंडानं म्हटलं आणि म्हणाला, "हां. आता सांगतो." मला शिक्षकाला होतो तसा आनंद झाला.

अपघाताची बातमी शिपायानं वर्गाच्या दारात येऊन सांगितली. मी सहावीला भूगोल शिकवत नव्हतो की कविता शिकवत नव्हतो, हजेरी घेत होतो. अर्धी हजेरी घेऊन झाली होती. पुढची कुणी घेतली का, ते मी कधी विचारलं नाही.

आवाज गावात ऐकू गेला होता. आधी घरघर, मग ती एकाच जागी घुमल्यासारखी झाली, मग लाकूड मोडल्याचा आवाज आला. गावातली माणसं कोयते घेऊन धावली. सर्वेअर जिवंत होता. त्याला कांबळ्यात घातलं, कांबळं बांबूला बांधलं आणि झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं, आमच्याकडे अडलेल्या बाईला आणतात तसं. भावाला आणि पायलटला नंतर आणलं. मी पोचलो तेव्हा दोघं शेजारी शेजारी होते. पायलट तिशीच्या आतला होता. त्याच्या अंगावर कुणीतरी माझ्या भावजयीचं लुगडं पांघरलं होतं.

दिवस झाले, तेराव्याला माणसं आली आणि गेली. महिन्याभरानं मी बेळगावला दवाखान्यात सर्वेअरला भेटायला गेलो. गावातल्यांनी त्याच्यासाठी मध पाठवला होता. त्याचा पाय लोखंडी सळ्यांत होता. तो उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. बराच वेळ तो मधाच्या बाटलीकडे पाहत होता. मग त्यानं मला सांगितलं ते मी विचारलेलं नव्हतं.

उडाल्यावर भाऊ खूश होता. मळमळलं नाही. धरणाचं पाणी पाहून त्यानं हात जोडले. पण जंगलावर आल्यावर तो गप्प झाला. खाली नुसते हिरवे शेंडे होते, सारखेच, चारी बाजूंनी. पायवाट म्हणतात ती झाडांखाली असते, वरून ती दिसतच नाही. सर्वेअरनं पहिल्या टॉवरची वाट विचारली. भावानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या टॉवरलाही नाही. कानाला लावलेल्या यंत्रात त्याचा फक्त श्वास ऐकू येत होता. मग तो मोडक्या हिंदीत पायलटला म्हणाला की सीमेचा धोंडा दिसल्याशिवाय मला पुढची वाट सांगता येत नाही, जरा खाली घ्या. पायलटनं घेतलं. भाऊ म्हणाला, आणखी थोडं. पायलट म्हणाला, "दाखवतो काका." तो झाडांच्या वर हळूहळू गोल फिरू लागला. एकदा फिरला, धोंडा दिसला नाही. दुसऱ्यांदा फिरताना शेपूट एकीकडे ओढल्यासारखी झाली आणि सगळं गरगरलं.

चौकशीला आलेल्यांना सर्वेअरनं एवढंच सांगितलं होतं की पायलट खाली आला. कुणी सांगितलं म्हणून आला, ते त्यानं सांगितलं नव्हतं. "ज्यांनी मला झोळीतून आणलं त्यांच्याच माणसाबद्दल कसं सांगू," असं तो म्हणाला. "आणि आता सांगून कोण परत येणार आहे?"

मीही तेच म्हणालो. परतीच्या बसमध्ये मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. भावाकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं. भावजयीला मी यातलं काही सांगितलं नाही.

चौकशीचा पहिला कागद फाल्गुनात आला. सर्वेअरनं तो मला फोनवर पाठवला. इंग्रजीत होता, मी शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. पायलटनं कारण नसताना उंची सोडली. वेग फार कमी ठेवला. वारा मागून होता. अशा वेळी शेपटीकडचा छोटा पंखा यंत्राला सरळ धरू शकत नाही आणि ते स्वतःभोवती फिरू लागतं. ते सावरणं पायलटला जमलं नाही. शेवटी लिहिलं होतं की पायलटचा ताबा सुटला. 'कारण नसताना' या शब्दांपाशी मी थांबलो. कागद घडी घालता येण्यासारखा नव्हता, म्हणून फोन पालथा ठेवला.

उन्हाळ्यात पायलटचे वडील आले. हुबळीहून बसनं आले, एकटे. सर्वेअरनं त्यांना माझा पत्ता दिला होता. जन्मभर त्यांनी बस चालवली होती आणि निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत तोच कागद, कुणाकडून तरी कन्नडमध्ये उतरवून घेतलेला. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मला ते मास्तर म्हणत होते. मी चहा केला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं की माझा मुलगा खाली का आला, तुमच्या कानावर काही आलंय का. मी म्हणालो, नाही. त्यांनी मान हलवली आणि मुलगा पडला ती जागा दाखवाल का असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. गावात न शिरता आम्ही बाहेरूनच वाटेला लागलो. का, ते त्यांनी विचारलं नाही. धोंड्यापाशी मी डहाळी मोडून ठेवली. त्यांनीही चप्पल काढून एक ठेवली. हे कशासाठी, म्हणून विचारलं, आणि मी त्यांना सगळं सांगत गेलो: देव, वाट, मोजणी. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी त्या गोष्टीच्या अगदी कडेला येऊन उभा आहे. मी बोलणं थांबवलं. धोंड्यावर किंजळीच्या दोन मोठ्या फांद्या आल्या होत्या. उभं राहून वर पाहिलं तरी आभाळ दिसत नव्हतं.

पुढं दोन ओढे. दोन्ही आटले होते. म्हातारे सावकाश चालत होते, चढ आला की एका हातानं गुडघा दाबत. अर्ध्या तासानं आम्ही त्या जागी पोचलो. यंत्राचे तुकडे नेलेले होते. एक झाड मधून मोडलं होतं आणि त्यामुळे जमिनीवर ऊन पडलं होतं, ताटाएवढं नव्हे, खळ्याएवढं. त्या उन्हात रान उगवलं होतं. बाकी काही नव्हतं. ते उन्हात जाऊन उभे राहिले, वर पाहत.

"लहानपणापासून विनाकारण काही करायचा नाही तो," ते म्हणाले. "सायकलची घंटासुद्धा उगाच वाजवली नाही कधी. मला रात्रंदिवस एकच वाटतं, मास्तर. तो खाली का आला?"

मग मी सांगितलं. भावाचे शब्द सांगितले, दोनदा 'खाली घ्या' म्हणाला तेही सांगितलं. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, हेही सांगितलं. ते झाडाच्या मुळावर बसले. नंतर विचारलं, त्यावर मुलगा काय म्हणाला?

"दाखवतो काका, म्हणाला."

"काका म्हणाला?"

"हो."

त्यांनी पिशवीचे बंद हातात धरले आणि सोडले. मग म्हणाले, "मीही थांबवायचो. कुणी म्हातारं माणूस म्हणालं, ड्रायव्हर, जरा इथं थांबव, तर स्टॉप नसला तरी थांबवायचो. कंडक्टर ओरडायचा." ते रडतील असं मला वाटलं होतं, पण रडले नाहीत. भावाला शिव्या देतील असं वाटलं होतं, तेही झालं नाही. परतीच्या वाटेवर ते माझ्या पुढं चालत होते. रस्ता दिसू लागल्यावर वळून म्हणाले, "हे लिहून द्याल?"

मी हो म्हणालो. तेव्हा मी भावजयीचा विचार केला नाही असं नाही. केला. आधी तिला सांगितलं पाहिजे असंही वाटलं. पण तिला सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि ती नको म्हणाली तर माझ्यानं लिहिणं होणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही. आयुष्यात मी जाणूनबुजून केलेल्या गोष्टी थोड्या आहेत. त्यांतली ही एक.

अर्धं पान लिहायला मला दोन दिवस लागले. ते तोवर रामनगरला लॉजवर राहिले. माझ्या घरी राहायला नको म्हणाले. मी कन्नडमध्ये लिहिलं, खाली सही केली, आणि सर्वेअरला फोन करून सांगितलं की तुला विचारतील तेव्हा खरं सांग. तो 'अच्छा' म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती की राग, ते मला कळलं नाही. म्हाताऱ्यांनी बसमध्ये बसताना माझा हात धरला, पण आभार मानले नाहीत. त्यांचा पुन्हा फोन आला नाही, मीही केला नाही. आम्हां दोघांत बोलण्यासारखं तेवढंच होतं.

श्रावणात चौकशीचे दोन अधिकारी आमच्या गावी गेले. नदीनाले भरले होते, तरी गेले. भावजयीला त्यांनी विचारलं की तुमचा नवरा चालू गाडीत ड्रायव्हरला काही सांगायचा का, घाबरायचा का, हट्टी होता का. माझा कागद त्यांच्या हातात होता. त्यातलं त्यांनी तिला वाचून दाखवलं.

दोन दिवसांनी ती रामनगरला आली. पाऊस पडत होता. मी आत ये म्हणालो, ती उंबऱ्याबाहेरच छत्री मिटून उभी राहिली. इतकी वर्षं ती माझ्यासमोर पदर सावरून, खाली बघून बोलायची. त्या दिवशी माझ्याकडे बघून बोलली.

"एक डाव पडला, पुरं न्हाई झालं, भावजी? तुमी आणि एकदा पाडलासा."

त्या पोराला निष्कारण दोष लागत होता, मी म्हणालो. त्याचा बाप आला होता.

"व्हय. त्याचा बाप आला. ह्याचं कोण हाय? तुमी हुतासा."

तिनं छत्री उघडली आणि बसस्टँडच्या दिशेनं निघाली. पावसात मी मागून गेलो नाही. दारात उभा राहून मी पाहिलं की ती टपरीपाशी थांबली, बसची वेळ विचारली आणि फळीवर बसली. बस यायला तासभर होता. तो तासभर मला खिडकीतून ती दिसत होती.

तिचा राग मला चुकीचा वाटत नाही. तिच्या बाजूनं पाहिलं तर घरातलं एकच माणूस त्याच्यासाठी बोलायला उरलं होतं, आणि ते दुसऱ्यासाठी बोललं. गावातही हळूहळू पसरलं. कुणी भावाला दोष दिला नाही. उलट म्हातारी माणसं म्हणाली, बरोबरच आहे, धोंडा दिसल्याशिवाय कसं सांगणार? त्यांना त्यात चूक दिसतच नव्हती. पण भावजयीला ते पुरलं नाही. आणि मला वाटतं, मी लिहिलं याचा राग गावानं तिच्यासाठीच मनात ठेवला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा लोक नीट बोलले, बसा म्हणाले, पाणी दिलं. जेवून जा असं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे एवढं पुरतं. मग मी जाणं सोडलं.

कधी कधी वाचताना मध्येच थांबून मी झाडांवरच्या त्या दोन फेऱ्यांचा विचार करतो. भावानं तोपर्यंत कधी कुणाला 'मला माहीत नाही' असं सांगितलं नव्हतं, निदान जंगलाबद्दल तरी. तेवढे तीन शब्द तो बोलला असता तर पायलट वर गेला असता, दोघं परत आले असते आणि संध्याकाळी भावजयीनं त्याची पुन्हा चेष्टा केली असती. ते शब्द त्याला आले नाहीत. धोंडा दिसेल, मग सांगतो, एवढाच त्याचा हट्ट होता. धोंड्यापाशी उभं राहून मी वर पाहिलं आहे. धोंडा आभाळातून कुणालाच दिसला नसता.

शेवटचा अहवाल यंदा आला. निष्कर्ष तोच आहे, पायलटचा ताबा सुटला. 'कारण नसताना' हे शब्द काढले आहेत. त्या जागी एक ओळ आहे की पुढच्या सीटवरच्या प्रवाशाच्या सांगण्यावरून पायलटनं उंची कमी केली. प्रवाशाचं नाव दिलेलं नाही.

भावजय गावी असते. भाताची शेती ती वाट्यानं देते. माझ्याशी बोलत नाही. मी रामनगरला त्याच दोन खोल्यांत राहतो, शाळेतल्या नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. रविवारी कुठं जायचं नसतं.